निवृत्त अश्वांचा सांभाळ : करुणेला हवी व्यवस्थेची जोड

(प्राणिसेवेच्या कार्यात नव्याने उतरू इच्छिणाऱ्या पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरातील कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



भोसरी, पिंपरी, आकुर्डी आणि चाकण या पट्ट्यात दिवसाकाठी शेकडो इंजिने तयार होतात आणि त्यांचे सामर्थ्य 'अश्वशक्ती'त मोजले जाते. यंत्राने घोड्याचे काम घेतले, पण मापाला नाव घोड्याचेच राहिले. मात्र ज्याच्या नावाने हे माप चालते तो प्राणी याच परिसरात कोठे दिसतो? लग्नसराई संपली की वरातीची घोडी रस्त्याकडेच्या गवतावर सोडलेली आढळते. पुणे-नाशिक महामार्गावर किंवा तळेगाव-चाकण रस्त्यावर कंटेनरच्या रांगांमधून एखादे लंगडे शिंगरू वाट काढताना दिसते. वाहनचालक हळहळतो, कोणी मोबाइलवर छायाचित्र काढतो, आणि एखादा सहृदय तरुण मनाशी ठरवतो, 'या मुक्या जिवांसाठी आश्रम काढायचा.'

हा संकल्प उदात्त आहे. परंतु संकल्पाच्या पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंतचा मार्ग फार लांबचा आहे. तो नीट न समजता चालू लागणाऱ्याच्या हातून, मनात दया असूनही, क्रौर्यच घडते. म्हणून अश्वाश्रम का काढावा, याच्या जोडीने तो कसा चालवावा आणि कोणी काढू नये, याचाही विचार व्हायला हवा.

या भूमीवरील ऋण

घोड्याचे या परिसराशी असलेले नाते केवळ वरातीपुरते नाही. पुणे जिल्ह्यातील बैलगाड्यांच्या घाटात बैलांच्या पुढे घोडी धावते. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने थांबलेल्या या शर्यती डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाल्या आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने त्यासंबंधीचा राज्याचा कायदा वैध ठरवला. त्यामुळे खेड, मावळ, आंबेगाव या तालुक्यांतील घरांत घोडी आजही पाळली जाते.

दुसरे नाते अधिक खोल आहे. पिंपरीतील हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाच्या केंद्राशी सर्पदंशावरील प्रतिविषाचे काम जोडलेले आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांचे विष अत्यल्प मात्रेत घोड्याला टोचले जाते, त्याच्या रक्तात प्रतिपिंडे तयार होतात, आणि त्या रक्तद्रवातून माणसाला वाचवणारे औषध बनते. भातखाचरात पाय टाकणारा मावळातील शेतकरी ज्या कुपीमुळे जगतो, ती कुपी घोड्याच्या देहातून आलेली असते. १९६६ साली सुरू झालेल्या पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटच्या जन्मकथेतही पूनावाला कुटुंबाच्या अश्वपैदास केंद्रातील निवृत्त घोडेच आहेत. ते घोडे रक्तजलासाठी मुंबईच्या हाफकिनला दिले जात, आणि त्यातूनच रक्तजल स्वतः तयार करण्याची कल्पना पुढे आली.

प्रयोगासाठी वापरलेल्या प्राण्याच्या उत्तरायुष्याची जबाबदारी वापरणाऱ्यावर आहे, हे तत्त्व देशाच्या नियमांनी मान्य केलेले आहे. परंतु नियम कागदावर राहतो आणि घोडा ठाणावर. त्या घोड्याला पुढे नेण्यासाठी चांगल्या जागा समाजात असाव्या लागतात.

परंपरा काय सांगते?

निवृत्त अश्वाचा सांभाळ ही परकी कल्पना नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'अश्वाध्यक्ष' या अधिकाऱ्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. प्रत्येक घोडा कोठून आला, त्याचे कुल, वय, वर्ण आणि खुणा कोणत्या, याची नोंद ठेवण्यास तेथे सांगितले आहे. युद्धाने, रोगाने, वार्धक्याने वा कामाने क्षीण झालेल्या घोड्यांना पोटापुरते अन्न देण्याची तरतूद आहे. उपचारातील हयगयीमुळे रोग बळावल्यास दंडही सांगितला आहे. म्हणजे नोंद, पोषण आणि उत्तरदायित्व ही तीन सूत्रे दोन सहस्रकांपूर्वीच मांडली गेली होती. मराठेशाहीतही शिलेदाराचा घोडा त्याचा स्वतःचा असे, तर बारगिराचा सरकारी पागेतला. ज्याचा घोडा, त्याच्यावर दाणा-वैरणीची जबाबदारी, हा हिशेब स्पष्ट होता.

भोसरीचा 'पांजरपोळ' आज अनेकांना चौकाचे नाव म्हणून ठाऊक असतो. पण त्या नावामागे भाकड व जखमी गुरांना आसरा देणारी जुनी व्यवस्था आहे. या पांजरपोळांकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. मात्र गाय आणि घोडा यांच्या देहधर्मात मोठे अंतर आहे. गाय रवंथ करते, घोडा करीत नाही. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोटात गेलेले चुकीचे अन्न बाहेर येण्याचा मार्गच नसतो आणि पोटशूळ त्याच्या जिवावर बेतू शकतो. गोशाळेत चार घोडे बांधले म्हणजे अश्वाश्रम झाला, असे समजणे म्हणूनच धोक्याचे आहे.

पहिला प्रश्न : किती?

आश्रम उघडण्यापूर्वी कार्यकर्त्याने वहीत एक साधा हिशेब मांडावा. मध्यम बांध्याच्या, सुमारे ३०० किलो वजनाच्या घोड्याला दररोज ५ ते ६ किलो कोरडी वैरण लागते. दहा घोड्यांना दिवसाला ६० किलो धरली, तर वर्षाला जवळपास २२ टन होते. पाणी प्रत्येकी २५ ते ४० लिटर, उन्हाळ्यात त्याहून अधिक. खुरांची छाटणी दर सहा ते आठ आठवड्यांनी, दातांची तपासणी वर्षातून एकदा, शिवाय जंतनिर्मूलन आणि लसीकरण. घोडा धनुर्वाताला अतिशय संवेदनशील प्राणी आहे, त्यामुळे त्या लसीत हयगय चालत नाही.

यात सर्वांत महत्त्वाचा आकडा वयाचा आहे. चांगली निगा राहिली तर घोडा २५ ते ३० वर्षे जगतो. दहा वर्षांची जखमी घोडी आज आत घेतली, तर ती पुढील पंधरा वर्षांची बांधिलकी असते. त्या पंधरा वर्षांत कार्यकर्त्यांचे विवाह होतील, नोकऱ्या बदलतील, काही जण परगावी जातील. घोडीला मात्र रोज सकाळी वैरण लागेलच.

यावरून पहिला नियम निघतो. संस्थेने आपली क्षमता आधी ठरवावी, ती लेखी नोंदवावी आणि त्यापलीकडे एकही घोडा घेऊ नये. निदान तीन महिन्यांची वैरण कोठारात आणि सहा महिन्यांचा खर्च बँकेत असल्याशिवाय पहिला घोडा आणू नये. दारात आलेल्या जिवाला 'जागा नाही' असे सांगताना जीव तुटतो. पण दहांच्या जागेत पंचवीस कोंबले, तर सुटका एकाचीही होत नाही. पंचविसांची उपासमार तेवढी एका छताखाली येते. नकार देण्याचे धैर्य हा या सेवेतील पहिला गुण आहे. मात्र नकार देताना अन्य जागा, पशुवैद्य किंवा वाहतुकीची सोय सुचवणे हे संस्थेचे कर्तव्य ठरते.

दयेचा पहिला घास

हाडे निघालेला घोडा आत आला की प्रत्येकाचा हात आधी दाण्याकडे जातो. कोणी तोबऱ्यात भिजवलेला हरभरा भरतो, कोणी गूळ चारतो, कोणी घरच्या पोळ्या आणतो. हाच घास प्राणघातक ठरू शकतो. दीर्घकाळ उपाशी राहिलेले शरीर स्वतःचेच स्नायू जाळून जगत असते. त्याला एकाएकी पिष्टमय वा गोड अन्न मिळाले, की रक्तातील फॉस्फरस, मॅग्नेशियम आणि पोटॅशियम झपाट्याने पेशींत ओढले जातात. वरवर सुधारत असलेला घोडा तिसऱ्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान हृदय वा श्वसन थांबून कोसळतो. मग लोक म्हणतात, 'बिचाऱ्याचे दिवसच भरले होते.' प्रत्यक्षात तो अज्ञानाचा बळी असतो.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यकांनी अशा घोड्यांवर अभ्यास करून पद्धत बसवली आहे. पहिले तीन दिवस दाणा नाही. दर चार तासांनी वाळलेला लसूणघास जेमतेम अर्धा किलो, आणि आपल्याकडील लहान चणीच्या घोड्यांना त्याहूनही कमी. त्यानंतर मात्रा हळूहळू वाढवत दहाव्या दिवसाच्या सुमारास पोटभर वैरण. रात्री दोन वाजता उठून मूठभर घास घालणारा स्वयंसेवक हवा. डोळ्यांत पाणी आणणाऱ्या भाषणापेक्षा त्या दोनच्या पाळीचा उपयोग अधिक आहे.

विलगीकरणाची भिंत

नवा घोडा थेट जुन्यांच्या कळपात सोडणे हा दुसरा मोठा प्रमाद. घोड्यांना होणारा ग्लँडर्स हा जिवाणुजन्य रोग नाकातून स्राव, गाठी आणि व्रण या रूपाने दिसतो आणि तो माणसालाही होतो. २००६ साली पुणे आणि पाचगणी येथे या रोगाचा उद्रेक झाला होता, म्हणजे धोका दूरच्या प्रांतातला नाही. प्राण्यांतील सांसर्गिक रोगांविषयीच्या २००९ च्या कायद्यानुसार अशा रोगाची सूचना शासनाला देणे बंधनकारक आहे. रक्तनमुन्याची तपासणी हरियाणातील हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते. रोग निश्चित झालेल्या घोड्यावर उपचार न करता त्याला वेदनारहित मरण देण्याचेच शासकीय धोरण आहे.

म्हणून आश्रमात पहिले बांधकाम विलगीकरणाच्या ठाणाचे व्हावे. कळपापासून दूर, स्वतंत्र बादली, स्वतंत्र खरारा, आणि शक्य तर स्वतंत्र मोतद्दार. अहवाल हाती येईपर्यंत आणि निदान तीन ते चार आठवडे नवा घोडा तेथेच राहावा. पर्यटकांना व शाळेच्या सहलींना तेथे मज्जाव असावा.

भूमी, जल आणि शेण

औद्योगिक पट्ट्यात जागा निवडणे ही परीक्षाच असते. जमिनीचे भाव गगनाला भिडलेले आहेत आणि स्वस्तात मिळणारा तुकडा बहुधा नाल्याकाठचा असतो. इंद्रायणीच्या पात्रावरील फेसाची छायाचित्रे महाराष्ट्राने पाहिलेली आहेत. त्यामुळे विहिरीचे वा कूपनलिकेचे पाणी प्रयोगशाळेत तपासून घेतल्याविना जागा ठरवू नये आणि सांडपाण्यावर वाढलेले हिरवे गवत फुकट मिळाले तरी घेऊ नये. महामार्गांच्या दुभाजकांत शोभेसाठी लावलेली कण्हेर घोड्याला थोडक्या पानांतही मारक ठरते. छाटणीचा तो पाला वैरणीत मिसळून येणार नाही, याची दक्षता घ्यावी.

घोडा हा कळपाने राहणारा आणि दिवसाचा बहुतांश काळ चरत हिंडणारा प्राणी आहे. बारा फूट लांब व बारा फूट रुंद असे कोरडे, हवेशीर ठाण रात्रीपुरते ठीक, पण दिवसा मोकळे कुंपण आणि सोबती हवाच. काटेरी तारेचे कुंपण टाळावे. बिथरलेला घोडा तारेत अडकला की पायाचे मांस सोलून निघते.

दहा घोड्यांचे शेण दिवसाला दीडशे किलोच्या आसपास जमते. त्याची व्यवस्था न झाल्यास माश्या होतात, शेजारी त्रस्त होतात आणि वर्षभरात आश्रमाविरुद्ध तक्रार उभी राहते. खताचे झाकलेले खड्डे, पावसाचे पाणी वळवणारे चर आणि परिसरातील शेतकऱ्यांशी खताचा करार यांमुळे हीच अडचण उत्पन्नाचे साधन बनते. शेजाऱ्याची नाराजी ओढवून घेणारी प्राणिसेवा फार काळ टिकत नाही.

मालक शत्रू नव्हे

या क्षेत्रात सर्वाधिक चूक होते ती घोडा विकत घेऊन सोडवण्यात. १९३० साली डोरोथी ब्रुक नावाची इंग्रज स्त्री कैरोला गेली. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश सैन्याने तेथेच विकलेले घोडे कष्टांनी झिजून गेलेले तिने पाहिले. १९३१ मध्ये वृत्तपत्रातून आवाहन करून तिने निधी जमवला आणि तीन वर्षांत सुमारे पाच हजार घोडे विकत घेतले. त्यांतील बहुतेक इतके जर्जर होते की त्यांना शांत मरण देणे एवढेच हाती उरले. परंतु ती तेथे थांबली नाही. गरीब मालकाकडे औषध व ज्ञान पोहोचल्याशिवाय हे दुःख संपणार नाही, हे ओळखून तिने १९३४ मध्ये मोफत उपचारांचे रुग्णालय सुरू केले.

हा धडा चाकणलाही लागू पडतो. लंगड्या घोडीचे पैसे दिले, तर मालक त्याच पैशांत दुसरी घोडी आणतो आणि चक्र पुढे चालते. वरातीची घोडी बाळगणारे कुटुंब बहुधा हातावर पोट असलेले असते. त्याला नालबंद, धनुर्वाताची लस आणि जखम झाली असता विश्रांतीच्या काळात वैरण मिळाली, तर दहापैकी कित्येक घोड्यांना आश्रमाची गरजच उरणार नाही.

मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्यांचे उदाहरण बोलके आहे. जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या गाड्या बेकायदेशीर ठरवून त्या वर्षभरात बंद करण्यास सांगितले, त्याच वेळी कुटुंबांच्या व घोड्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्नही पुढे आला. विजेवर चालणाऱ्या व्हिक्टोरिया रस्त्यावर यायला २०२१ साल उजाडले. बंदी एका निकालाने येते, पुनर्वसनाला वर्षे लागतात. त्या मधल्या वर्षांत घोडा आणि माणूस दोघेही अधांतरी असतात.

कायद्याची चौकट

सद्भावना हा कायद्याला पर्याय नाही. रस्त्यावर दिसलेला घोडा उचलून आणणे, मालक पुढे आल्यास, चोरीच्या आरोपाला निमंत्रण ठरू शकते. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये पोलिसांत नोंद, पशुवैद्यकाचे प्रमाणपत्र आणि पंचनामा या मार्गानेच घोडा ताब्यात यावा. खटल्यातील जनावरांच्या सांभाळाविषयी २०१७ चे नियम आहेत आणि सांभाळाचा खर्च मालकाकडून वसूल करण्याची तरतूद त्यांत आहे. मात्र ताबा म्हणजे मालकी नव्हे. निकाल लागेपर्यंत असा घोडा दत्तक देता येत नाही.

संस्थेची धर्मादाय नोंदणी आणि लेखापरीक्षण यांबरोबर प्रत्येक घोड्याची स्वतंत्र पत्रिका ठेवावी : कोठून आला, वजन किती, कोणते उपचार झाले, कोठे गेला. येणाऱ्या नराचे खच्चीकरण पशुवैद्याकडून करून घ्यावे. आश्रमात शिंगरू जन्मले की छायाचित्र सुरेख येते, पण घोडीचा अकरा महिन्यांचा गर्भकाळ पोसून संस्था स्वतःच एका घोड्याची भर घालते.

अखेरचा निर्णय

पुढचा विषय कार्यकर्त्यांना सर्वाधिक अस्वस्थ करणारा आहे. मोडलेला पाय जुळण्यापलीकडे गेलेला, दिवसचे दिवस उठू न शकणारा घोडा केवळ 'मरण आपल्या हाती नको' म्हणून ठेवावा काय? पांजरपोळांच्या परंपरेत नैसर्गिक मृत्यूपर्यंत सांभाळ हाच धर्म मानला गेला, आणि त्या भावनेमागील अहिंसा आदरणीयच आहे. परंतु तीनशे किलोचा देह पडून राहिला की त्वचेला व्रण पडतात आणि स्वतःच्या भारानेच स्नायू निकामी होतात. ज्या वेदनेला अंत नाही तिचा कायद्यानेही विचार केलेला आहे आणि असह्य यातनेतील प्राण्याला वेदनारहित मरण देण्याची तरतूद १९६० च्या कायद्यात आहे.

यावर सर्वांचे एकमत होईलच असे नाही. पण हा निर्णय भावनेच्या भरात, एकट्याने आणि मध्यरात्री होऊ नये. संस्थेने धोरण आधीच लिहून ठेवावे. पशुवैद्याचे लेखी मत, दोन विश्वस्तांची संमती आणि मोतद्दाराचे म्हणणे, हे तिन्ही असावे. मोतद्दाराचे म्हणणे कशासाठी? कारण घोड्याचा डोळा रोज पाहणारा तोच असतो. दफनाची जागा आणि खोदाईच्या यंत्राची सोयही आधीच ठरवून ठेवावी.

धन आणि मन

पैशांचा प्रश्न या परिसरात सुटण्याजोगा आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कार्यावर खर्च करावे लागतात आणि त्या कार्यांच्या यादीत प्राणिकल्याणाचा स्पष्ट उल्लेख आहे. ज्या पट्ट्यात अश्वशक्तीचे उत्पादन होते, तेथे अश्वांच्या वार्धक्यासाठी निधी मिळणे अशक्य नाही. पण कंपनीचा निधी शेड बांधून देतो, तो वर्षागणिक बदलतो. रोजची वैरण मात्र शंभर सामान्य कुटुंबांच्या छोट्या, नियमित वर्गणीवर अवलंबून असावी. एका मोठ्या देणगीदाराचे मन बदलले तर आश्रम बंद पडतो. शंभरांपैकी पाच गळाले तरी तो चालतो.

मोतद्दाराला वेळेवर वेतन मिळावे, हेही येथे सांगायला हवे. मुक्या प्राण्यावर दया करणाऱ्या संस्थेत बोलणाऱ्या माणसाचे शोषण होत असेल, तर ती दया खोटी ठरते.

या पट्ट्याच्या कडेला आळंदी आहे. दर वर्षी ज्येष्ठात माउलींच्या पालखीसोबत अंकलीच्या शितोळे सरकारांचे दोन अश्व निघतात. एकावर पताकाधारी स्वार असतो. दुसऱ्यावर कोणीही बसत नाही, तो माउलींचा अश्व. रिंगणात तो धावून गेला की वारकरी त्याच्या टापांखालची माती कपाळी लावतात. ज्याच्या पाठीवर कोणी नाही, जो कोणाचे ओझे वाहत नाही, त्या घोड्यापुढे नतमस्तक होणारा हा समाज आहे. आश्रमातला घोडाही तसाच असतो, त्याच्या पाठीवर आता कोणी बसणार नसते. त्याला हार नको, माती कपाळी लावणेही नको. त्याला हवी असते वेळेवरची वैरण, स्वच्छ पाणी, छाटलेले खूर, आणि हे सारे पंधरा वर्षांनंतरही तसेच चालू राहील याची हमी. ती हमी देण्याची सिद्धता असेल त्यानेच हे व्रत घ्यावे. तेवढे बळ नसेल, त्याने एका गरीब मालकाच्या घोडीच्या खुरांचा वर्षभराचा खर्च उचलावा. तीही सेवाच आहे, आणि कदाचित अधिक दूरदृष्टीची.